कंपनीच्या गेटापलीकडचं जग पोरांना दाखवणार कोण?

नवलाख उंबरे : दहावीचा निकाल लागला की गावात दोन-तीन दिवस पेढे वाटले जातात. मग पारावर आणि टपरीवर एकच विषय सुरू होतो, "पोराचं पुढं काय?" उत्तरं जवळपास ठरलेली असतात. मार्क चांगले पडले तर सायन्स, नाहीतर डिप्लोमा. कमी पडले तर आयटीआय. आणि या सगळ्या वाटा शेवटी जाऊन पोहोचतात कंपनीच्या गेटावर. कोणाच्या तरी ओळखीनं पोरगा आत लागला म्हणजे आई-बापाचा जीव भांड्यात पडतो.

यात आई-बापाला दोष देऊन उपयोग नाही. घराबाहेर पाऊल टाकलं की एमआयडीसीच्या शेड दिसतात, सकाळ-संध्याकाळ कंपन्यांच्या बस धावतात. ज्या जमिनीवर कालपर्यंत इंद्रायणी भात उभा होता, तिथं आज कंपाऊंड आहे. जमीन गेली, पैसे आले, काहींचे टिकले, काहींचे बंगल्यात आणि गाडीत गेले. आता पुढच्या पिढीला शेतीचा आधार पहिल्यासारखा उरलेला नाही. म्हणून नोकरी हवी, आणि नोकरी म्हणजे कंपनी. हिशोब सरळ आहे.

पण हाच हिशोब आपल्याच शिवारात एकदा चुकला आहे, आणि त्याला फार वर्षं झालेली नाहीत.

जनरल मोटर्सचा कारखाना नवलाख उंबऱ्याच्या हद्दीत आला. 2008 मध्ये तिथं गाड्या तयार होऊ लागल्या. शेवरलेची स्पार्क आणि बीट इथूनच बाहेर पडायची. तेव्हा वाटलं, आता तीस वर्षं चिंता नाही. 2017 च्या अखेरीस कंपनीनं भारतात गाड्या विकणं बंद केलं, आणि पुढची तीन वर्षं कारखाना फक्त निर्यातीवर चालला. डिसेंबर 2020 मध्ये उत्पादन थांबलं. हजारांहून जास्त कामगारांवर घरी बसायची पाळी आली, कोर्टकचेऱ्या झाल्या, उपोषणं झाली. पुढं ह्युंदाईनं हा कारखाना घेतला, जानेवारी 2024 मध्ये ताबा पूर्ण झाला आणि 2025 मध्ये तिथं पुन्हा काम सुरू झालं. गेट तेच, पाटी नवी.

म्हणजे सुरू झाल्यापासून बंद पडेपर्यंत कारखाना बारा वर्षं चालला. पहिली गाडी बाहेर पडली त्या वर्षी पहिलीत बसलेलं पोरगं बारावी संपवून बाहेर पडलं, त्याच वर्षी गेटाला कुलूप लागलं. तळेगावात येणार म्हणून गाजलेल्या वेदांता-फॉक्सकॉनचं काय झालं, तेही सगळ्यांनी पाहिलं. सप्टेंबर 2022 मध्ये प्रकल्प गुजरातला गेला आणि 2023 मध्ये फॉक्सकॉनच त्यातून बाहेर पडली.

कंपन्या वाईट आहेत, असं म्हणायचं नाही. त्यांच्यामुळं गावात पैसा आला, घरं उभी राहिली. पण चौदा-पंधरा वर्षांच्या पोरापोरींना आपण एकच वाट दाखवतो आणि ती वाट आपल्या हातात नसते. प्रश्न इथं आहे.

पोरं पाहिलेलंच निवडतात

नववी-दहावीतल्या मुलाला विचारा, काय व्हायचंय? पोलीस, आर्मी, इंजिनिअर, नर्स, शिक्षक, नाहीतर "कंपनीत". कारण त्यानं तीच माणसं कामावर जाताना पाहिलेली असतात. गाडी तयार व्हायच्या आधी मातीचं मॉडेल बनवणारा माणूस असतो, सीटच्या कापडाचा रंग ठरवणारी बाई असते, हे त्याच कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्या मुलाला माहीत नसतं. ही डिझाइनची कामं आहेत. आयआयटी मुंबईतर्फे होणारी यूसीड ही प्रवेश परीक्षा बारावीला कुठलीही शाखा असलेला विद्यार्थी देऊ शकतो. आर्ट्सवालासुद्धा. आपल्याकडं मात्र आर्ट्सला गेला म्हणजे वाया गेला, असंच धरून चालतात.

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी मुलाचा कल कुठं आहे, ते कागदावर यायचं. 2020 मध्ये महाकरिअर पोर्टल आलं, त्यात नववी ते बारावीच्या मुलांसाठी कोर्सची माहिती मिळू लागली. चांगलं काम. पण "ललित कलेकडे कल" असा कागद घरी आला तर बाप त्याचं काय करणार? त्यानं ललित कलेवर पोट भरणारा एकही माणूस जवळून पाहिलेला नसेल, तर तो कागद फाईलमध्येच जाणार.

माहितीची टंचाई आता फारशी नाही, मोबाईलमध्ये सगळं आहे. कमी आहे ती त्या कामाला हात लावून बघायची संधी.

पाबळमध्ये काय केलं

ही संधी कशी द्यायची, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. राजगुरुनगरच्या पलीकडं शिरूर तालुक्यात पाबळ आहे. तिथं 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. ते हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातले शास्त्रज्ञ, नोकरी सोडून पाबळसारख्या कोरडवाहू गावात येऊन राहिले. त्यांचं म्हणणं साधं होतं. पोरगं हातानं काम करता करता जे शिकतं ते टिकतं, आणि नापास म्हणून शाळेनं सोडलेल्या पोराच्या हातातही अक्कल असते.

त्यातून आठवी ते दहावीसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय उभा राहिला. आठवड्यातला एक दिवस पोरं वर्गात बसत नाहीत. वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, मातीचा नमुना तपासतात, रोपवाटिका लावतात, रक्तातलं हिमोग्लोबिन मोजायला शिकतात. मुली वेल्डिंग करतात आणि मुलं स्वयंपाकघरातलं काम शिकतात, ते वेगळं सांगायला नको. शिकवायला बऱ्याचदा गावातलेच कारागीर असतात. हा विषय एसएससी बोर्डाने मान्य केला आणि राज्यातल्या बऱ्याच शाळांमध्ये पोहोचला. अमेरिकेतल्या एमआयटीनं आपल्या आवाराबाहेर पहिल्यांदा फॅब लॅब उभी केली ती 2002 मध्ये, याच पाबळमध्ये. फॅब लॅब म्हणजे संगणकावर आकार काढायचा आणि यंत्रावर ती वस्तू लगेच बनवायची, अशी कार्यशाळा.

यातली सगळी मुलं उद्योजक झाली, असा दावा कोणी करू नये. पण दहावीला बसण्याआधी त्यांनी दहा-वीस प्रकारची कामं हातानं करून पाहिलेली असतात. आपल्याला काय जमतं आणि कशाचा कंटाळा येतो, हे त्यांना कळलेलं असतं. एवढं जरी आपल्या मुलांना मिळालं तरी पुष्कळ आहे.

आणि हे आपल्या भागाला नवीनही नाही. तळेगावात शंभर वर्षांपूर्वी विष्णु गोविंद विजापूरकरांच्या समर्थ विद्यालयात राष्ट्रीय शिक्षण दिलं जायचं, त्यात हातउद्योगालाही जागा होती. इंग्रज सरकारनं 1910 मध्ये ती शाळा बंद पाडली. अंताजी दामोदर काळ्यांनी घरटी एक-एक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला आणि 1908 मध्ये तळेगावात काचेचा कारखाना निघाला. जपान-अमेरिकेत काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथं पोरांना शिकवायचे. तेव्हा काच फुंकून पोट भरता येतं, हे कोणाच्या बापाला माहीत होतं? इथं शिकलेली माणसं पुढं देशात ठिकठिकाणी काचेच्या धंद्यात गेली.

आपल्या पंचक्रोशीत काय दाखवता येईल

चित्रकलेपासून सुरुवात करू. शाळाशाळांत पोरं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसतात. का? दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून. इंटरमिजिएटला ए ग्रेड असेल तर 7, बी ला 5, सी ला 3. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते. ए ग्रेड मिळालेल्या मुलीला कोणी सांगत नाही, की बाई, हे गुणांपुरतं नाही, पुढं मोठं शिक्षण आहे. पुण्यात अभिनव कला महाविद्यालय आहे, मुंबईत जे. जे. आहे. उपयोजित कला शिकलेला माणूस पुस्तकं, जाहिराती, ॲनिमेशन, पॅकिंग, मोबाईल ॲपच्या स्क्रीन अशी कामं करतो. आपल्याकडचे फ्लेक्स, लग्नपत्रिका, गणपतीतले देखावे, ट्रॅक्टरच्या मागची अक्षरं हेही त्याच घराण्यातलं काम आहे. फक्त त्याला आपण करिअर म्हणत नाही.

बैलगाडा घाटावर चला. माईकवर निवेदक आहे, त्याच्या आवाजावर घाट पेटतो. वर ड्रोन फिरतोय. खाली दोन-चार पोरं थेट प्रक्षेपण करतायत. हे सगळं रोजगाराचं काम आहे, आणि पोरं ते कोणी न शिकवता शिकली आहेत. ड्रोनचं मात्र नीट समजून घ्या. 2021 च्या नियमांनुसार धंद्यासाठी ड्रोन उडवायचा तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. वय किमान 18, शिक्षण दहावी पास, आणि डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेतलं प्रशिक्षण. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या खेळण्यासारख्या ड्रोनला ते लागत नाही. म्हणजे सोळाव्या वर्षी शिकायला सुरुवात केली तर अठराव्या वर्षी कागद हातात येऊ शकतो. पण प्रमाणपत्राशिवाय लग्नाच्या ऑर्डरी घेणारे आपल्याकडं कमी नाहीत. एखाद्या दिवशी ड्रोन वऱ्हाडावर पडला तर काय, हा विचार त्यांनी करावा.

पवन मावळातले गुलाब व्हॅलेंटाईनला परदेशी जातात, हे आपण दरवर्षी बातमीत वाचतो. पॉलीहाऊस कसं चालवायचं, हे शिकवणारी राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था तळेगाव दाभाड्यातच आहे. शाळेची सहल लांब कुठं वॉटरपार्कला जाते, तिच्या गेटावरून.

मग डोंगर. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात आपला लोहगड आहे. कार्ला, भाजे, बेडसे लेणी इथंच. बाहेरचा माणूस येतो, फोटो काढतो, भजी खाऊन जातो. त्याला दोन तास खिळवून ठेवेल असा, मराठी-हिंदी-इंग्रजीत इतिहास सांगणारा स्थानिक गाईड किती वेळा भेटतो? कामशेतला पॅराग्लायडिंग शिकवलं जातं. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत 28 दिवसांचा बेसिक कोर्स असतो. आपली पोरं डोंगरात वाढलेली, पाय तयार आहेत, पण हे धंद्याचं शिक्षण आहे हेच ठाऊक नाही. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्रची मंडळी दरीत उतरून माणसं वाचवतात. ती सेवा आहे, पगाराची नोकरी नव्हे, हेही पोरांना खरं सांगितलं पाहिजे.

खरं सांगा, दोन्ही बाजू सांगा

सिनेमाचं उदाहरण मुद्दाम देतो. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे अहमदनगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजमध्ये संज्ञापन शिकले. तिथं केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढं 'फँड्री', 'सैराट' सगळ्यांना माहीत आहे. त्याच कॉलेजमधून आलेल्या भाऊराव कऱ्हाडेंनी 'ख्वाडा' केला, त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण त्या सिनेमासाठी त्यांनी शेतजमीन विकली होती, ही गोष्टसुद्धा पोरांच्या कानावर गेली पाहिजे. रील पाहून "मी पण क्रिएटर होणार" म्हणणाऱ्या पोराला पुरस्कारासोबत विकलेलं रानही दिसू दे.

अशा वाटांवर पहिल्या तारखेला पगार येत नाही. डिझाइनच्या मोठ्या संस्थांची फी गावातल्या घराला जड जाते. मुलींच्या बाबतीत तर "एवढ्या लांब कशाला" इथंच विषय संपतो. म्हणून माझं मत असं, की आयटीआय किंवा डिप्लोमा सोडा असं कोणी कोणाला सांगू नये. ते करावंच. पण फिटर होणाऱ्या पोरानं शाळेत असतानाच लाकूडकाम, चित्र, माईक, माती यांतलं काहीतरी मनापासून केलेलं असावं. उद्या गेट बंद झालं तर त्याच्याकडं दुसरं काहीतरी असेल.

पैसा कुठून येणार, असं विचारणारे विचारतीलच. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठराविक नफ्यावरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकामावर खर्च करावी लागते. रोजगाराभिमुख शिक्षण त्या यादीत आहे. एमआयडीसीतल्या कंपन्या आपल्या शाळांना बाक, दप्तरं, पाण्याची टाकी देतात. दिलं ते चांगलंच. आता एक कार्यशाळेची खोली मागा. डिझाइन विभागातला एक माणूस महिन्यातून एकदा शाळेत पाठवा म्हणा. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना 10 दिवसांची सोय आहे. ते दिवस रोपवाटिकेत, साईनबोर्डवाल्याच्या दुकानात, भाज्याच्या लेण्यात घालवता येतात. त्याला फार खर्च लागत नाही, एक टेम्पो आणि दोन जबाबदार माणसं पुरतात.

शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचीच संख्या जास्त असते, ग्रामसभा 15 ऑगस्टला होते. समितीनं ठराव लिहावा, ग्रामसभेत वाचावा आणि त्याची प्रत कंपन्यांच्या एचआरकडं नेऊन द्यावी. पोहोच घ्यायला विसरू नका.