छायाचित्रांच्या नावातील शिस्त

प्रक्षेत्रावरील छायाचित्रण हा पीकसंरक्षण संशोधनाचा नित्याचा भाग झाला आहे. एका हंगामात हजारो छायाचित्रे जमा होतात आणि ती फोल्डरांत लावण्याचे काम हंगामाअखेरीस एखाद्या कनिष्ठ सहायकाकडे येते. माउसने एकेक फाइल ओढत नेण्याची ही पद्धत केवळ वेळखाऊ नाही, ती संशोधनाच्या विश्वासार्हतेलाही बाधक आहे.

रोगनिदानासाठी संगणकाला शिकवताना अनेकदा फोल्डरचे नाव हेच चित्राचे निदान मानले जाते. कपाशीचे लाल पडलेले पान अन्नद्रव्यांच्या कमतरतेतून येणाऱ्या लाल्या विकृतीचे असू शकते, तसेच तुडतुड्यांच्या प्रादुर्भावाचेही. पहिल्याची छायाचित्रे दुसऱ्याच्या फोल्डरात पडली, तर संगणक ती चूक सत्य म्हणून शिकतो. मग ज्या शेतकऱ्याला खताचा सल्ला हवा, त्याला फवारणीचा सल्ला मिळतो.

यावरचा उपाय साधा आहे. फाइलच्या नावातच पीक, केंद्र, दिनांक, वाफा, झाड आणि छायाचित्राचा क्रमांक ठराविक क्रमाने असावा, उदाहरणार्थ ‘कापूस_नागपूर_२०२५०९१२_०४_०१७_१’. दिनांकात वर्ष आधी, मग महिना, मग दिवस घेतल्यास फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. नावात मोकळी जागा नसावी आणि क्रमांकाआधी शून्य असावे. अशी नावे असली की पुढचे काम कमांड लाइनवरील चार-पाच ओळींचे उरते. प्रत्येक नाव अधोरेषेपाशी तोडावे, पहिल्या तुकड्याच्या नावाचा फोल्डर नसल्यास तयार करावा आणि फाइल त्यात हलवावी. हजारो फाइलींचे काम बहुधा काही क्षणांत होते.

तथापि या वेगात धोकाही आहे. कॅमेऱ्यातील क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा आरंभापासून सुरू होतात. त्यामुळे मूळ नावे तशीच ठेवली, तर दोन वेगळ्या फाइलींचे नाव एकच असू शकते. लिनक्सवरील ‘एमव्ही’ ही आज्ञा अशा वेळी सहसा काहीही न विचारता जुनी फाइल पुसून टाकते. म्हणून मूळ संग्रहाची प्रत वेगळी ठेवावी, आज्ञा प्रथम ‘इको’ने केवळ पडद्यावर उमटवून तपासावी आणि जुन्या फाइलीवर नवी न लिहिण्याचा पर्याय वापरावा. अखेरीस आधीची व नंतरची फाइलसंख्या ताडून पाहावी. व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र म्हणून पाठवलेल्या फाइलीतील स्थान आणि कॅमेऱ्याच्या नोंदी निघून जातात व नावही बदलते. त्यामुळे संशोधनाची छायाचित्रे त्या मार्गाने पाठवणे टाळावे.

निदान मात्र नावात घालू नये. स्थळ, काळ आणि झाड बदलत नाहीत. निदान हे मत असते, प्रयोगशाळेच्या तपासणीनंतर ते बदलू शकते. त्याची नोंद वेगळ्या तक्त्यात ठेवावी आणि फोल्डर त्या तक्त्यावरून तयार करावेत. निदान बदलले, तर तक्त्यातील एक ओळ बदलून तीच आज्ञा पुन्हा चालवता येते.

झाडाचा क्रमांक लिहिण्याचा आग्रहही अनाठायी नाही. ‘प्लांटव्हिलेज’ संग्रहातील ५४,३०६ छायाचित्रांवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९९.३५ टक्के अचूकता आढळली, परंतु वेगळ्या परिस्थितीत टिपलेल्या छायाचित्रांवर ती ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. एकाच पानाची छायाचित्रे शिकवण्यात आणि परीक्षेत विभागली जाऊ नयेत, याची काळजी त्या अभ्यासकांनी शक्य तेथे घेतली होती. ज्या संग्रहात झाडाची ओळखच नोंदलेली नाही, तेथे ही काळजी घेणे अशक्य असते आणि अचूकतेचा आकडा फसवा ठरतो.

माउसने केलेल्या कामाचा मागमूस राहत नाही. लिहिलेली आज्ञा मात्र दुसरा संशोधक वाचू शकतो, तपासू शकतो आणि पुन्हा चालवू शकतो. अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पांत पेरणीचे अंतर आणि नोंदींच्या तारखा सर्व केंद्रांसाठी आधी ठरवल्या जातात. छायाचित्रांच्या नावांचा नियमही त्याच कार्यपद्धतीत समाविष्ट व्हावा आणि सहायकांना या चार ओळी हंगामापूर्वीच शिकवाव्यात. बियाण्याच्या पिशवीवरील चिठ्ठी पेरणीनंतर आठवून लिहिली जात नाही. छायाचित्राचे नावही हंगामाअखेरीस आठवून लिहिण्याची गोष्ट नव्हे.