झटक्यानंतरचे चालणे



हृदयविकाराचा झटका आलेल्याने वा पक्षाघात झालेल्याने सहा महिने अंगणाबाहेर पडू नये, हे या सदरातील मत काळजीपोटी आलेले असले तरी रुग्णाच्या हिताचे नाही. दीर्घ शय्याविश्रांतीच्या रीतीला लेव्हाइन आणि लाउन या अमेरिकी डॉक्टरांनी १९५२ मध्येच, रुग्णांना खुर्चीत बसवून, आव्हान दिले होते. एरोबिक व्यायामाने, म्हणजे मोठ्या स्नायूंना सलग, लयीत हलवणाऱ्या चालण्या-सायकलिंगने, स्नायू रक्तातील प्राणवायू अधिक चांगला वापरू लागतात आणि तेवढ्याच कामासाठी हृदयावर पडणारा ताण घटतो. पक्षाघातानंतर लंगडत चालण्यास अधिक शक्ती लागत असल्याने ही कमाई विशेष मोलाची ठरते. प्रारंभ मात्र डॉक्टरांच्या तपासणीनंतरच व्हावा, आणि चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, इतकीच गती असावी.

अशा व्यायामाच्या देखरेखीसाठी अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या वाडीवरून लोणीच्या किंवा पाथर्डीहून विळद घाटातल्या रुग्णालयात वारंवार जाणे परवडत नाही, ही अडचण खरीच आहे. परंतु ज्या जिल्ह्यात डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये प्रकल्प सुरू करून जामखेड परिसरातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले, तेथे रुग्णासोबत चालणारे आणि छातीत दुखताच त्याला थांबवणारे माणूस गावातच तयार करणे अशक्य मानण्याचे कारण नाही.

— एक वाचक, अहिल्यानगर