हातमोजा नको, हात हलवा

दरवर्षी कुठल्या ना कुठल्या इंजिनीअरिंग कॉलेजात फायनल इयरचा एक प्रोजेक्ट ठरलेला असतो. हातमोज्याला फ्लेक्स सेन्सर, मागे आर्डुइनो, पुढे स्पीकर. बोटं वाकवली की स्पीकर बोलतो, ‘मला पाणी हवं.’ एक्स्टर्नल खूश. पेपरात फोटो, वर ‘कर्णबधिरांसाठी वरदान’. त्या फोटोत कर्णबधिर माणूस सहसा नसतो.

अमेरिकेतही हे झालंय. २०१६ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या दोन विद्यार्थ्यांना असल्याच मोज्यासाठी दहा हजार डॉलरचं बक्षीस मिळालं. त्यावर बधिर लोक आणि भाषाशास्त्रज्ञ भडकले, आणि बरोबर भडकले. साइन लँग्वेजचं बरंचसं व्याकरण चेहऱ्यावर असतं. भुवया वर गेल्या की साध्या विधानाचा प्रश्न होतो. मोज्याला भुवया दिसत नाहीत.

आणि मोजा घालायचा कोणी? त्यांनी. चार्ज कोणी करायचा? त्यांनीच. आपण फक्त ऐकायचं. २०११च्या जनगणनेत श्रवणदोष असलेले सुमारे ५० लाख लोक नोंदले गेले. सगळे साइन करत नाहीत, मान्य. पण जे करतात त्यांनी सेन्सर बांधून फिरावं आणि आपण शंभर खुणाही शिकू नयेत, हा कुठला न्याय?

तर शिका. घरबसल्या सुरुवात होते, फक्त सर्चमध्ये ‘इंडियन’ टाका. नाहीतर पहिल्या पानावर अमेरिकन साइन लँग्वेज येते, तिची अक्षरं एका हाताची. आपली दोन हातांची. ‘इंग्रजीच आहे ना, चालेल’ हे चालत नाही. अमेरिका आणि ब्रिटन दोघांची बोली इंग्रजी, पण साइन लँग्वेज वेगळ्या. अमेरिकन भाषेची मुळं फ्रेंच साइन लँग्वेजमध्ये आहेत, कारण १८१७ साली हार्टफर्डला शाळा सुरू झाली तेव्हा शिकवायला पॅरिसहून लोरां क्लेर हा बधिर शिक्षक आला होता.

दिल्लीच्या इंडियन साइन लँग्वेज रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटरचा दहा हजार शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश २०२१ पासून आहे, फुकट. मराठी माणसाला वाक्यरचना फार परकी वाटणार नाही. प्रश्नाचा शब्द शेवटी येतो, ‘तुझं नाव काय?’ नकारही शेवटी, ‘कळलं नाही’सारखा. इंग्रजी वाक्य डोक्यात जुळवून त्याला शब्दाशब्दाने खुणा चिकटवायला गेलात तर मात्र फसाल.

पण व्हिडिओ तुम्हाला दुरुस्त करत नाही. तळहात चुकीच्या दिशेला वळला, खूण कपाळाऐवजी हनुवटीवर झाली, तर अर्थ बदलतो, आणि तुम्ही आरशासमोर खूश. अक्षरं आली म्हणून गाण्यावर हात हलवून रील टाकणारे ऐकू येणारे ‘साइन क्रिएटर’ असेच तयार होतात. लाइक त्यांना, आणि ज्यांची भाषा आहे ते कमेंटमध्ये विचारतात, ‘हे नक्की काय म्हणतोय?’

म्हणून दोनेक महिन्यांत बधिर शिक्षकाचा क्लास लावा. ऑनलाइनही असतात. एखादी नवी फ्रेमवर्क शिकायला आपण कोर्सला पैसे मोजतोच, इथे ‘सोशल वर्क आहे ना, मग फी कशाला’ म्हणू नका. वर्गात शिरताना बहुतेक ठिकाणी आवाज बंद ठेवायला सांगतात. पहिला अर्धा तास तुम्हाला काही कळणार नाही, तुम्ही सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसाल. शेजारच्याला कुजबुजून विचारू नका. हाताने विचारा.