पेत्राची होडी देवगडच्या बंदरात

त्रिपुरी पौर्णिमा उलटली की सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर दशावतार उभा राहतो. आडदशावतार आटोपून आख्यान रंगात येते तोवर मध्यरात्र टळलेली असते. आख्यान महाभारतातले असो की एखाद्या पुराणातले, शेवट काय होणार हे पुढच्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असते. नटांच्या हाती लिहिलेली संहिता नसते, संवाद रंगमंचावरच सुचत जातात. तरी पहाटेपर्यंत कोणी जागचा हलत नाही. ठाऊक असलेली गोष्ट हा नट आज कशी सांगतो, तेवढ्यासाठीच सगळा गाव जागा असतो.

ही रसिकता कादंबरीलाही लाभली. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत याच जिल्ह्यातल्या शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते. पुढे १९५९ मध्ये त्यांची ‘ययाति’ आली. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची, रणजित देसाईंची ‘राधेय’ १९७३ ची. यांतल्या शेवटच्या दोन पुस्तकांनी कर्ण मराठी घरातला माणूस करून टाकला. त्याच कपाटात बायबलमधले ईयोब, रूथ, योसेफ किंवा पेत्र मात्र शोधूनही सहसा सापडत नाहीत. मराठीतल्या ख्रिस्ती लेखनाला चारशे वर्षे झाली असताना बायबलच्या कथेवरची मोठी मराठी कादंबरी वाचकाच्या हाती नसावी, ही उणीव आहे. ती भरून काढणारा लेखक देवगड-मालवणच्या किनाऱ्यावरून यावा, असे म्हणायला आधार आहे. मात्र त्याला श्रद्धेइतकाच दीर्घ दम लागेल.

या परंपरेची सुरुवातच दमाची आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात उतरला. मराठी शिकला, ओवी शिकला, पुराणाची रीत शिकला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ राशोल इथे छापले गेले ते १६१६ साली, म्हणजे तो आल्यावर तीन तपे उलटून गेली होती. जवळजवळ अकरा हजार ओव्या, पहिल्या भागात जुना करार आणि दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. छपाई रोमन लिपीत झाली. त्या शतकातल्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही, ग्रंथ टिकला तो हस्तलिखित नकलांमुळे. बायबलची गोष्ट मराठी माणसाला त्याच्याच कथनाच्या वळणाने सांगायची, हा निर्णय स्टीफन्सने घेतला, आणि तो आजच्या कादंबरीकारालाही उपयोगी पडेल असा आहे.

यापुढचे उदाहरण अधिक जवळचे, आणि ते सविस्तर सांगायलाच हवे. नारायण वामन टिळक १८६१ मध्ये करजगाव इथे, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मले. देवगड तालुकाही १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत त्याच जिल्ह्यात होता. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंवर ही बातमी कोसळली. काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. मग आपल्या गतीने, सोवळ्या-ओवळ्याचा एकेक पीळ सोडवत, १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी ख्रिस्ताच्या जीवनावर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहायला घेतले होते. १९१९ मध्ये ते वारले तेव्हा दहाएक अध्याय झाले होते.

उरलेले काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरे गिरवलेल्या या बाईंनी त्या काव्यात तब्बल ६४ अध्यायांची भर घातली. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मराठीतल्या सर्वश्रेष्ठ आत्मचरित्रांत गणली जाते आणि ते योग्यच आहे; पण त्या पुस्तकाच्या उजेडात ‘ख्रिस्तायन’चे हे अवाढव्य काम दिसेनासे झाले. वैधव्य, बदलती गावे, संसाराची ओढाताण, आणि समोर एका नावाजलेल्या कवीने अर्ध्यावर सोडलेला ग्रंथ. तो तसाच राहिला असता तरी त्यांना कोणी नाव ठेवले नसते. त्या बसल्या आणि लिहीत गेल्या. कादंबरीकार व्हायची इच्छा असलेल्या कुणालाही मराठीत यापेक्षा थोर उदाहरण मिळणार नाही.

पंडिता रमाबाईंचे नावही इथे घ्यायला हवे. केडगावच्या मुक्ती मिशनचा पसारा सांभाळत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, संपूर्ण बायबल साध्या बायांना कळेल अशा मराठीत उतरवले आणि काम हातावेगळे करून १९२२ च्या एप्रिलमध्ये देह ठेवला. अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. म्हणजे मूळ सामग्री मराठीत केव्हाची तयार आहे.

श्रद्धावान लेखकाची एक चूक नेहमी होते. आपली गोष्ट पवित्र आहे, तेव्हा ती आपोआप चांगली उतरेल, असे त्याला वाटते. तसे होत नाही. श्रद्धा माणसाला लिहायला बसवते आणि उठू देत नाही, एवढे तिचे काम. वाक्य मात्र त्यालाच घासावे लागते, काळ अभ्यासावा लागतो.

‘बेन हर’चा लेखक ल्यू वॉलेस याची हकिगत यासाठी वाचण्यासारखी आहे. १८७६ मध्ये आगगाडीत त्याची गाठ प्रसिद्ध नास्तिक वक्ता रॉबर्ट इंगरसॉलशी पडली. त्या गप्पांनंतर आपल्याला आपल्याच धर्मातले काही ठाऊक नाही याची त्याला लाज वाटली आणि तो अभ्यासाला लागला. पॅलेस्टाइन त्याने पाहिले नव्हते, म्हणून नकाशे आणि ग्रंथ पालथे घातले. न्यू मेक्सिको प्रांताचा गव्हर्नर असताना, दिवसाचे कामकाज उरकून, सांता फे इथे त्याने कादंबरी संपवली. १८८० मध्ये ती निघाली आणि पुढे त्या शतकातली अमेरिकेतली सर्वाधिक लोकप्रिय कादंबरी ठरली.

जर्मन कादंबरीकार टोमास मान याची कहाणी याहून खडतर. बायबलच्या उत्पत्ती ग्रंथात योसेफाची गोष्ट ३७ ते ५० या चौदा अध्यायांत आटोपते. मानने १९२६ मध्ये तिच्यावर लिहायला घेतले आणि चौथा खंड निघायला १९४३ उजाडले. मधल्या काळात हिटलर सत्तेवर आला, मान परागंदा झाला, आणि त्याची मुलगी एरिका हिने म्युनिकच्या घरात जाऊन हस्तलिखित बाहेर काढले. भावांनी विकलेला, परमुलखात रुजलेला योसेफ लिहिताना लेखक स्वतःच देशोधडीला लागला होता.

मग देवगडच का? कारण शुभवर्तमानातला मोठा भाग मच्छीमारांमध्ये घडतो. लूकच्या पाचव्या अध्यायात रात्रभर जाळी टाकून हाती काही न लागलेला पेत्र किनाऱ्यावर जाळी धूत बसलेला आहे. मग जाळी इतकी भरतात की जोडीदारांची दुसरी होडी बोलवावी लागते. शहरातला लेखक हा प्रसंग चमत्कार म्हणून लिहील आणि पुढे जाईल. गाबीत मच्छीमारांच्या वस्तीत वाढलेल्या लेखकाला रिकाम्या जाळ्याची सकाळ माहीत असते, रापणीतला वाटा कसा पडतो ते माहीत असते. जाळे भरले तेव्हा पेत्र आनंदला नाही, घाबरला, असे लूक सांगतो. ती भीती खरी वाटेल अशी लिहायची तर समुद्रावर पोट असलेली माणसे जवळून पाहिलेली हवीत.

१९८६ मध्ये गालील सरोवराचे पाणी दुष्काळाने ओसरले तेव्हा चिखलात पहिल्या शतकाच्या सुमाराची एक मासेमारी होडी सापडली. लांबी आठ मीटरच्या थोडी वर. ती अनेक प्रकारच्या लाकडांनी पुन्हा पुन्हा दुरुस्त केलेली होती, म्हणजे गरिबाने मिळेल ती फळी जोडत चालवलेली. विजयदुर्गाजवळ आंग्र्यांच्या काळची गोदी ज्या तालुक्यात आहे, तिथल्या सुताराला हे ठिगळ समजावून सांगावे लागणार नाही.

अडचणी आहेत, आणि त्या दोन्ही बाजूंनी आहेत. ख्रिस्ती वाचकाला वाटेल की पवित्र वचनात कल्पनेची भेसळ होते आहे. इतरांना शंका येईल की हा प्रचार तर नाही. दिब्रिटोंची उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा विरोधाचे सूर उमटलेच. तरी २०२० च्या जानेवारीत संमेलन झाले. दोन्ही शंकांना उत्तर एकच: पात्र जिवंत करा. ‘मृत्युंजय’ वाचताना कोणी आपला पंथ तपासत नाही. रूथ ही सासूला न सोडणारी विधवा सून आहे आणि ईयोब मुले गमावलेला बाप. यांना ओळखायला कुठल्याच वाचकाला बाप्तिस्मा लागत नाही.

संपादक आणि प्रकाशकांनीही थोडे पुढे यावे. दिवाळी अंकांनी अशा कादंबरीचा एखादा भाग मागवून छापावा, कोकणातल्या वाचनालयांनी ‘क्रिस्तपुराण’ आणि ‘ख्रिस्तायन’ यांच्या प्रती ठेवाव्यात, वाचनाचे कार्यक्रम करावेत.

लेखकाला पहिला निर्णय भाषेचा घ्यावा लागेल. येशूला पकडल्यावर पेत्र प्रमुख याजकाच्या अंगणात चोरून उभा राहतो, आपण त्याला ओळखत नाही म्हणतो, आणि तिथले लोक त्याला बोलण्यावरूनच गालीलचा म्हणून ओळखतात, असे मत्तयच्या सव्विसाव्या अध्यायात आहे. राजधानीत आपला हेल लपवू पाहणारा किनाऱ्यावरचा माणूस देवगडच्या लेखकाने मुंबईत किती तरी वेळा पाहिलेला असेल. त्या अंगणातल्या पेत्राच्या तोंडी मालवणी घालून पाहावी. पहिले प्रकरण तिथून लिहायला घेता येईल.