वाड्यांसाठी शोकगीते, दुकानांसाठी शेरे

मराठी समीक्षेला पडझडीचे प्रेम आहे. मात्र ते निवडक पडझडीचे. पुण्यात एखादा वाडा जमीनदोस्त झाला की लेख येतो, जुने चित्रपटगृह बंद पडले की आठवणींना पूर येतो, इराण्याचे हॉटेल मिटले की एका संस्कृतीचा अस्त झाल्याचे जाहीर होते. एखादे सुपरमार्केट बंद पडले तर मात्र साहित्याचे विद्यार्थी किंवा अध्यापक म्हणून आपल्याला त्याविषयी काही म्हणायचे असू शकते, असे कोणाच्या मनातही येत नाही. फार तर 'बरे झाले' असा एक शेरा. प्रस्तुत लेखाचा रोख या सोयीस्कर मौनावर आहे.

कोथरूडमधील एका इमारतीच्या तळमजल्यावर आज स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालते. काही वर्षांपूर्वी तिथे एका साखळीचे सुपरमार्केट होते. दर्शनी फलकावरची अक्षरे उतरवलेली आहेत. परंतु त्यांच्याखालचा रंग उन्हाने उडालेला नसल्यामुळे नाव अजून वाचता येते. आत फरशीवर एकाआड एक पट्टे दिसतात. मांडण्या जिथे उभ्या होत्या तिथली फरशी अजून चकाकते. त्यांच्यामधल्या वाटा निस्तेज झाल्या आहेत. छताला ओळीने आकडे आहेत. 'डाळी', 'साबण', 'मसाले' अशा पाट्या तिथे टांगलेल्या असत. दाराशी क्रमांक घातलेले कप्पे आहेत. पूर्वी ग्राहकांना आपल्या पिशव्या तिथे जमा करून बिल्ला घ्यावा लागे. आता मुले तिथे चपला आणि डबे ठेवतात. बत्तीस क्रमांकाचा कप्पा अजूनही बत्तीस क्रमांकाचाच आहे.

परंतु सर्वांत अधिक झीज बाहेर पडण्याच्या वाटेजवळच्या दोन-अडीच फुटांच्या एका चौकोनात आहे. तिथे ग्राहक कधी उभाच राहत नसे. तो पैसे घेण्याच्या काउंटरची आतली बाजू. म्हणजे ती झीज गल्ल्यावर दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलींच्या पायांची आहे. आपल्या साहित्यातील मॉलमध्ये झगमगाट भरपूर आढळतो. हा चौकोन मात्र मला अपवादानेच आढळला आहे.

'जागतिकीकरणोत्तर' या विशेषणाखाली गेल्या तीन दशकांत जी कविता आणि जी समीक्षा लिहिली गेली, तिच्यात 'मॉल' हा शब्द वारंवार येतो. तो येतो तो बहुधा चंगळवादाचे चिन्ह म्हणून. चिन्हाला पत्ता लागत नाही, भाडेकरार लागत नाही, नोकरवर्ग लागत नाही आणि मुख्य म्हणजे चिन्ह कधी दिवाळखोरीत निघत नाही. प्रत्यक्षातील दुकाने निघतात. १९९७ साली चेन्नईत सुरू झालेल्या 'सुभिक्षा' या साखळीने दहा-अकरा वर्षांत देशभर सुमारे सोळाशे दुकाने उघडली. सुभिक्षा म्हणजे सुकाळ. कर्जावर उभारलेला हा विस्तार २००८ च्या अखेरीस रोकड आटताच कोसळला. सुकाळाच्या नावाने उघडलेल्या दुकानांतील मांडण्या आधी रित्या झाल्या, मग पगार थांबले आणि २००९ च्या आरंभी सारी साखळीच बंद पडली. २००१ मध्ये अवतरलेल्या 'बिग बझार'ची अखेर निराळ्या रीतीने झाली. भाडे थकलेल्या जागांचे करार दुसऱ्या मोठ्या उद्योगसमूहाने, रिलायन्सने, आधीच आपल्याकडे घेतलेले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याने दुकानांचा ताबा घेतला आणि अनेक ठिकाणी 'स्मार्ट बझार' अशी नवी पाटी लागली. मूळ कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश निघाला. पुण्यानेही या दोन्ही नावांच्या पाट्या पाहिल्या आहेत. एका पिढीच्या डोळ्यांसमोर शहराची पाटी दोनदा पुसली गेली आणि शहराचे वाचन हा ज्यांचा व्यवसाय, त्यांनी त्याची नोंदही घेतली नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. वाणी आपल्याला नावाने ओळखे, उधार देई, घरचे विचारी. सुपरमार्केटने ते माणूसपण संपवले. पुण्याच्या दुकानदाराचे माणूसपण पु. ल. देशपांडे यांनी आपल्या 'पुणेकर'मध्ये अजरामर करून ठेवले आहे, तेव्हा त्याविषयी अधिक न बोललेले बरे. परंतु विनोद बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतो. वाणी नावाने ओळखे, तसा आडनावानेही ओळखे. उधारी कोणाला मिळे आणि कोणाला फळीपलीकडूनच वाटेला लावले जाई, हे वहीत लिहिलेले नसले तरी गिऱ्हाइकाला ठाऊक असे. वस्तू स्वतः हाताने उचलून, उलटून, किंमत वाचून, कोणाला काही न सांगता परत ठेवण्याची मुभा अनेक बायकांना या दुकानांत प्रथम मिळाली. त्याच दुकानांनी त्यांची पिशवी दाराशी ठेवून घेतली आणि बाहेर पडताना पावतीवर पहारेकऱ्याची खूण सक्तीची केली, हेही तितकेच खरे. मोकळीक आणि संशय यांची ही एकत्र मांडणी वाचायला 'चंगळवाद' हा एक शब्द पुरत नाही.

शिवाय घाऊक खरेदी करून ग्राहकाला वाजवी भावात माल देणारे मोठे दुकान ही कल्पना आपल्याकडे केवळ भांडवलदारांनी आणलेली नाही. मुंबईत नायगावच्या कामगारवस्तीत १९४८ साली 'अपना बाजार' सहकारातून उभा राहिला. पुण्यात टिळक रस्त्यावरची 'ग्राहक पेठ' ग्राहक चळवळीतून आली. हा इतिहास विसरल्याशिवाय 'मॉल विरुद्ध मराठी संस्कृती' असा सोपा सामना लावता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाड्यात पिढ्या नांदल्या. पाच-सात वर्षे चाललेल्या दुकानाला कसली आली स्मृती? याचे उत्तर पुण्याच्या मध्यवस्तीतच आहे. आज जिच्या कमानींची छायाचित्रे आपण वारसा म्हणून मिरवतो ती मंडई १८८६ साली 'रे मार्केट' या नावाने सुरू झाली, तेव्हा तीही एक नवी, महागडी, सरकारी थाटाची इमारतच होती. शनिवारवाड्यासमोर उघड्यावर बसणारा बाजार तिच्या छताखाली नेण्यात आला. १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी या बांधकामावरील खर्चाला विरोध केला होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले. फुल्यांची हरकत अभिरुचीची नव्हती, हिशेबाची होती. पैसा कोणाचा, लाभ कोणाचा, असा तो प्रश्न होता. आपण त्यांचे नाव इमारतीला दिले आणि त्यांचा प्रश्न सोडून दिला. मॉलपुढे उभे राहिल्यावर आपली समीक्षा नाक मुरडते. ती हिशेब मागत नाही.

ज्यांच्या पुस्तकांची नावे आपल्या वर्गांत आदराने घेतली जातात, त्यांनी तो मागितला. मंडई उघडण्याच्या तीन वर्षे आधी, १८८३ मध्ये, एमिल झोलाने पॅरिसच्या एका महादुकानावर अख्खी कादंबरी लिहिली. मंदीच्या हंगामात कामावरून काढल्या जाणाऱ्या विक्रेत्या आणि माळ्यावरच्या त्यांच्या थंडगार खोल्या तिच्यात आहेत. वाल्टर बेंजामिन १९२७ पासून पॅरिसच्या छत घातलेल्या बाजारवाटांवर टिपणे काढीत राहिला. १९४० मध्ये तो मरण पावला तेव्हा ते काम अपुरेच होते आणि ग्रंथरूपाने ते १९८२ साली आले. त्याने त्या वाटा वाचायला घेतल्या त्या त्यांची चलती संपल्यानंतर, हे विशेष. आणि २०२२ चे नोबेल मिळवणाऱ्या आनी एर्नो यांनी पॅरिसजवळच्या एका हायपरमार्केटच्या वर्षभराच्या नोंदींचे पुस्तक २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. सामान्य माणसे जिथे आयुष्यातील इतका वेळ घालवतात ती जागा साहित्याला वर्ज्य का असावी, हा त्यांचा साधा सवाल आहे. बेंजामिनचे नाव आपण शोधनिबंधांत घेतो. मात्र त्याची पद्धत घेऊन कोथरूडच्या फरशीकडे पाहण्याचे कष्ट घेत नाही.

कोणी म्हणेल, हे तर स्मरणरंजनच, फक्त विषय बदललेले. ते नव्हे. स्मरणरंजनाला हरवलेली वस्तू गोड हवी असते. बंद पडलेल्या सुपरमार्केटची आठवण गोड करण्याचे काहीच कारण नाही. तिच्यात थकलेले पगार आहेत, रातोरात बदललेल्या पाट्या आहेत. म्हणूनच ती जपली पाहिजे. इमारतीचा नवा भाडेकरू भिंती रंगवतो, नव्या मालकाची पाटी जुनीवर चढते आणि ज्यांनी तिथे उभे राहून काम केले त्यांच्याजवळ आपण तिथे होतो याचा कसलाही लेखी पुरावा उरत नाही. वाड्याच्या मालकाजवळ निदान कागदपत्रे असतात.

तेव्हा नव्वदोत्तरी कवितेतील मॉलच्या प्रतिमेवर आणखी एक प्रबंध लिहिण्याआधी विद्यार्थ्यांनी आपल्या अभ्यासिकेची, व्यायामशाळेची, दवाखान्याची फरशी एकदा खाली पाहून वाचावी. तिथे पूर्वी काय होते हे शेजारच्या चहावाल्याला विचारावे. गल्ल्यावर उभ्या असणाऱ्या मुली आता चाळिशीत असतील, याच शहरात असतील. त्यांना गाठावे, त्यांचे सांगणे उतरवून घ्यावे. अध्यापकांनी अशा नोंदीला 'हे साहित्य नव्हे' म्हणून परत पाठवण्यापूर्वी, ज्या पायांनी तो चौकोन झिजला त्यांच्याविषयी आपल्या अभ्यासक्रमात काय आहे, ते शोधून पाहावे. काही सापडले नाही, तर तो दोष त्या दुकानाचा खास नव्हे.