26 पुस्तकं, पण कोणाच्या वेळेत?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या मित्रांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर याद्या झळकायला लागतात. वर्षभरात किती पुस्तकं वाचली, कोणाला किती तारे दिले. गेली सहा वर्षं मीही यादी टाकतो. सॉफ्टवेअरच्या नोकरीत असल्यामुळे माझी यादी अर्थातच एक्सेल शीटमध्ये असते: नाव, लेखक, भाषा, पानं, तारे. गेल्या वर्षीचं लक्ष्य होतं 24. वाचून झाली 26. स्टेटसवर ‘माशाअल्लाह’चा पाऊस पडला.

खरं सांगायचं तर डिसेंबर लागला तेव्हा मी 20वर होतो. मग सव्वाशे पानांच्या आतली सहा पुस्तकं शोधून काढली आणि संपवली. त्यातल्या दोनांची नावं आज शीट उघडल्याशिवाय आठवत नाहीत.

आमच्या कामात हा प्रकार ओळखीचा आहे. प्रोग्रॅमसाठी लिहिलेल्या चाचण्या कोडच्या किती ओळींपर्यंत पोहोचतात ते टक्क्यांत मोजतात. मोजणं उपयोगाचंच असतं. पण एकदा वरून हुकूम आला की 80 टक्के झालेच पाहिजेत, की काही जण अशा चाचण्या लिहितात ज्या कोड नुसता चालवतात, तपासत काहीच नाहीत. टक्केवारी भरते, चुका जागच्या जागी राहतात. माझी शेवटची सहा पुस्तकं त्याच जातीची.

म्हणून जानेवारीत शीटला फिल्टर लावून बघितलं. इंग्रजी 19, मराठी 5, हिंदी 2, उर्दू शून्य. महाराष्ट्रातल्या मुस्लिम लेखकाचं मराठी पुस्तक: शून्य. मुस्लिम स्त्रीने लिहिलेलं पुस्तक: एक. मी मराठी शाळेत शिकलो, घरी दखनी बोलतो, सभांमध्ये ‘आपला समाज वाचत नाही’ अशी तक्रार करतो. आणि माझी यादी कोणत्याही महानगरातल्या कोणत्याही इंजिनिअरची असावी तशी.

पण खरा धक्का शीटमधून बसला नाही. मी बायकोला सहज विचारलं, तुझी किती झाली? ती शिक्षिका आहे, लग्नाआधी वाचनालयाची नियमित सभासद होती. म्हणाली, दोन, तीही अर्धवट. मी सल्ला द्यायच्या बेतात होतो की रोज दहा पानं वाचली तरी वर्षाला एवढी होतात वगैरे. तिने शांतपणे विचारलं, “तुम पढते तब बच्ची किसके पास रहती?”

याचं उत्तर माझ्या शीटमध्ये नव्हतं.

त्या यादीतलं मुस्लिम स्त्रीचं एकमेव पुस्तक म्हणजे बानू मुश्ताक यांचं ‘हार्ट लॅम्प’. मूळ कन्नड कथा, दीपा भास्ती यांचा इंग्रजी अनुवाद, 2025चं आंतरराष्ट्रीय बुकर. पारितोषिक मिळालं तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी अभिमानाने पोस्ट टाकल्या. याच बाईंनी स्त्रियांच्या मशिदीतल्या प्रवेशाची बाजू घेतली तेव्हा त्यांच्यावर सामाजिक बहिष्कार टाकला गेला होता, हे मात्र कमी जणांनी लिहिलं. मी पुस्तकाला चार तारे दिले. एक तारा कापला, कारण काही कथांमधले पुरुष मला एकाच साच्यातले वाटले.

त्यातली ‘रेड लुंगी’ नावाची कथा मी अम्मीला सांगितली. अम्मी सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. मराठी पेपर रोज वाचते, इंग्रजी नाही. म्हणून गोष्ट आमच्या दखनीत सांगितली. उन्हाळ्याची सुट्टी, पोरांनी भरलेलं घर, आणि त्या गोंधळाने कावलेली रझिया. मुलांची खतना उरकून टाकायची असं ती ठरवते, म्हणजे निदान काही जण तरी अंथरुणात पडून राहतील. गरिबांच्या मुलांची खतना सामुदायिक, जुन्या पद्धतीने. घरच्या मुलांची दवाखान्यात. आणि लवकर बरा होतो तो गरिबाचा मुलगा. मी ती श्रीमंत-गरिबांची कथा म्हणून वाचली होती आणि तशीच सांगितली. अम्मी पोट धरून हसली आणि मग म्हणाली, “फिर रझिया को आराम मिल्या क्या?”

कथा सुरूच होते ती एका बाईच्या थकव्यापासून. मी तो थकवा विनोद म्हणून ओलांडून पुढे गेलो होतो. जिने पुस्तक हातातही धरलं नाही तिने दहा मिनिटांत ते माझ्यापेक्षा नीट वाचलं. पुरुष एकाच साच्यातले वाटतात ही माझी तक्रारही मी तिला सांगितली. तिचं उत्तर होतं, “साचा एकच है तो लेखिका क्या करेगी?” हे मला अजून पूर्ण पटलेलं नाही. पण आता हा मुद्दा माझ्या एकट्याचा राहिलेला नाही.

यादीतलं दुसरं लक्षात राहिलेलं पुस्तक म्हणजे झियाद मसरूर खान यांचं ‘सिटी ऑन फायर’. अलीगढमधलं बालपण, दंगली, संचारबंदी आणि त्या सगळ्यामधून चालू राहणारं वस्तीचं रोजचं जगणं. दया मागण्याचा सूर त्यात नाही, म्हणून मला ते आवडलं. पण संपवताना जाणवलं, की अलीगढची गल्ली मला आता पाठ आहे. कोकणातला मुसलमान मोहल्ला पुस्तकातून मला अजून भेटलेला नाही.

म्हणून या वर्षाची सुरुवात हमीद दलवाईंच्या ‘इंधन’ने केली. दलवाई मला माहीत होते ते 18 एप्रिल 1966च्या सात मुस्लिम महिलांच्या मोर्चामुळे आणि 1970 साली पुण्यात स्थापन झालेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळामुळे. त्यांचं नाव मी भाषणांत दहा वेळा घेतलं असेल, पण त्यांची 1965ची कादंबरी उघडलीही नव्हती. बऱ्याच वर्षांनी गावी परतलेला निवेदक आणि हळूहळू पेट घेणारं गाव. कादंबरी कोणत्याच जमातीला निर्दोष ठरवत नाही. दलवाईंना एका वाक्यात उचलून धरणाऱ्यांनी आणि एका वाक्यात मोडीत काढणाऱ्यांनीही ती वाचावी. दोघांचीही अडचण होईल.

त्यानंतर मेहरुन्निसा दलवाईंचं आत्मकथन ‘मी भरून पावले आहे’ वाचलं. ‘इंधन’नंतर लगेच वाचल्यामुळे असेल, पण माझं सगळं लक्ष एका गोष्टीकडे गेलं. हमीद दलवाई लिहीत होते, फिरत होते, सभा घेत होते, तेव्हा नोकरी करून घराला आधार देत होत्या त्या मेहरुन्निसाबाई. त्यांचा स्वतःचा कामातला वाटाही मोठा आहे. पण ज्या लेखकाचं नाव आपण घेतो त्याला लिहायला वेळ मिळाला, तो कोणीतरी मिळवून दिला होता. पुन्हा तोच प्रश्न: “बच्ची किसके पास रहती?”

यावर कोणी म्हणेल, आधीच आपली मुलं वाचत नाहीत, त्यात तुम्ही आकड्यांवर टीका करता. मान्य आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तीनच पुस्तकं वाचली होती. लक्ष्य ठेवलं नसतं तर आज हा लेखही लिहिला नसता. ज्याची सवय मोडली आहे त्याने खुशाल आकडा धरावा. माझी तक्रार एवढीच आहे, की आकडा फक्त वाचणाऱ्याला मोजतो. घरात ज्यांना वाचायला मिळालं नाही, त्यांचा रकाना कुठल्याच अॅपमध्ये नाही. प्रत्येक सभेत आपण ‘इक्रा’ची आठवण करून देतो. मग त्या सभेत बसलेल्यांच्या घरी त्या वेळी स्वयंपाक कोण करत होतं, हेही विचारायला हवं.

यंदा माझं लक्ष्य 12 आहे. त्यातली चार महाराष्ट्रातल्या मुस्लिम लेखक-लेखिकांची मराठी पुस्तकं. शीटमधून पानांचा रकाना काढून टाकला आणि तीन नवे घातले: कोणाबरोबर वाचलं, कुठे पटलं नाही, आणि वाचायला वेळ कोणामुळे मिळाला. तिसरा रकाना भरताना लाज वाटते. म्हणूनच तो ठेवला आहे. रविवारी सकाळी नऊ ते बारा मुलगी, नाश्ता आणि भांडी माझ्याकडे. पहिल्या दोन रविवारी बायको त्या वेळात चक्क झोपली. तेही रास्तच होतं. तिसऱ्या रविवारी तिने ‘मी भरून पावले आहे’ उघडलं. परवा सत्तराव्या पानावर होती, आणि माझ्या मतांशी तिचं दोन ठिकाणी जमत नाही.

तुम्हीही यादी करत असाल तर ती जरूर टाका. आम्हाला नवीन नावं कळतील. फक्त टाकण्याआधी घरात एकदा विचारा, तुमचं यंदा काय वाचून झालं? उत्तर शून्य आलं तर पुस्तकं सुचवायची घाई करू नका. आधी थोडा वेळ मोकळा करून द्या.