दाद मागण्याची मुदत

सरकारी कार्यालयातील भेदभाव क्वचितच उघड शब्दांत येतो. पदोन्नतीच्या यादीत नाव का नाही, हे कोणी सांगत नाही. गोपनीय अहवालातील प्रतवारी एका पायरीने खाली सरकते. मुलांची परीक्षा तोंडावर असताना बदलीचा आदेश हाती पडतो. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला टेबल दिले जाते, पण काम दिले जात नाही. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात शासकीय व निमशासकीय नोकरीच्या आधारावर उभी राहिलेली घरे हजारोंनी आहेत. त्यांतील अनेकांच्या बाबतीत अन्याय झाला ही एक गोष्ट असते आणि त्या अन्यायाविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार हातून निसटला ही दुसरी. ही दुसरी गोष्ट अधिक क्लेशदायक, कारण ती बहुधा टाळता आली असती.

पहिला घोटाळा होतो तो दरवाजाचा. एकाच इमारतीत राहणारे चार शेजारी चारही सरकारी नोकर म्हणवतात, परंतु त्यांची दाद ऐकणारी ठिकाणे चार आहेत. ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयातील लिपिकाला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण खुले आहे. हे न्यायाधिकरण १९९१ पासून मुंबईत आहे. मध्य रेल्वेच्या कल्याणमधील कर्मचाऱ्याने केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जायचे. जिल्हा परिषदेच्या सेवकाचे अपील बेलापूरच्या कोकण विभागीय आयुक्तांकडे चालते. आणि ठाणे किंवा कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेचा कर्मचारी यांपैकी कोठेच बसत नाही. त्याला वरिष्ठांकडील अपिलानंतर औद्योगिक न्यायालय अथवा उच्च न्यायालय हाच मार्ग उरतो. शेजाऱ्याचा अनुभव ऐकून त्याच वाटेने गेलेला पालिका कर्मचारी काही महिन्यांनी रिकाम्या हाताने परत येतो, तो याच कारणाने.

पालिका कामगारांच्या हाती एक चांगले शस्त्र आहे, ते फारसे कोणी उचलत नाही. राज्याच्या १९७१ च्या कायद्याने गुणवत्ता न पाहता एका गटाला झुकते माप देणे, धोरणाच्या नावाखाली आकसाने बदली करणे, कायमपणाचे लाभ नाकारण्यासाठी माणसाला वर्षानुवर्षे तात्पुरता ठेवणे, या सर्व अनुचित कामगार प्रथा ठरवल्या. वन खात्यातील मजुरांनी पुणे व अहमदनगरच्या औद्योगिक न्यायालयांत याच आधारावर लढा दिला. हे खाते उद्योगच नव्हे, असा युक्तिवाद शासनाने केला. १९९५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळून मजुरांच्या बाजूने निर्णय दिला. पण या कायद्याने तक्रारीला नव्वद दिवस दिले आहेत.

दिवसांचा हा हिशेब हेच खरे दुखणे. मध्यमवर्गीय नोकरदाराची एक घट्ट समजूत असते की, अर्ज दिला म्हणजे प्रकरण जिवंत राहिले. उत्तर आले नाही की स्मरणपत्र, मग दुसरे, मग मंत्रालयात एक प्रत. फाइल जाड होते, मुदत मात्र केव्हाच संपलेली असते. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९८९ मध्येच एस. एस. राठोड प्रकरणात स्पष्ट केले आहे की, कायद्यात तरतूद नसलेली वारंवारची निवेदने मुदत वाढवू शकत नाहीत. नियम सांगतो तो क्रम असा: शिस्तभंगाच्या आदेशाविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत अपील, अपिलावर सहा महिन्यांत निर्णय झाला नाही तर न्यायाधिकरणाचा मार्ग मोकळा, आणि त्यापुढे फक्त एक वर्ष. विलंब माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावे लागते, आणि ‘साहेबांनी पाहतो म्हटले होते’ हे सबळ कारण नव्हे.

अपील ऐकणारा वरिष्ठ हा बहुधा आदेश देणाऱ्याच्याच साखळीतला असतो, हे खरे. म्हणून अपील व्यर्थ, असे मानणे मात्र चूक. रामचंदर नावाच्या एका रेल्वे कर्मचाऱ्याचे अपील रेल्वे बोर्डाने नियमातले शब्द जसेच्या तसे उतरवून फेटाळले होते. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अपील पुन्हा ऐकण्याचा, त्याला समक्ष म्हणणे मांडू देण्याचा आणि कारणांसहित आदेश देण्याचा हुकूम केला. अपिलात मुद्दे नीट मांडलेले असतील तरच पुढे ‘या मुद्द्याला उत्तर नाही’ असे दाखवता येते. रागाच्या भरात लिहिलेले सहा पानी अपील साहेबांच्या स्वभावाचे वर्णन करते आणि तारखा विसरते.

गोपनीय अहवालाबाबतही चित्र बदलले आहे. सीमा रस्ते संघटनेतील देव दत्त यांना १९९३-९४ साली ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. शेरा वाईट नव्हे. परंतु पदोन्नतीसाठी ‘अतिशय चांगला’ आवश्यक होता आणि त्यांना तो शेरा कळवलाच नव्हता. २००८ च्या निकालाने प्रत्येक शेरा कळवणे बंधनकारक ठरले. बदल्यांबाबत महाराष्ट्राचा २००५ चा कायदा सामान्यतः तीन वर्षांचा कार्यकाळ देतो आणि मध्येच हलवायचे असल्यास कारणे लिहून ठेवायला लावतो. लैंगिक छळाच्या तक्रारीत समितीच्या शिफारशीविरुद्ध नव्वद दिवसांत अपील करता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सेवेत अपंगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्याला काढता येत नाही वा खालच्या पदावर आणता येत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: तक्रारखोर माणसे कामापेक्षा अर्जच अधिक करतात. अशी माणसे प्रत्येक कार्यालयात असतात. पण अपील वेळेत निकाली निघाले तर खोट्या तक्रारीचाही लवकर निकाल लागतो आणि ज्याच्यावर आरोप झाला तो अधिकारीही वर्षानुवर्षे संशयाखाली राहत नाही. रखडवण्याचा लाभ फक्त ज्याची बाजू लंगडी आहे त्यालाच मिळतो.

डोंबिवली-ठाण्यात सेवानियम मुखोद्गत असलेले निवृत्त अधीक्षक आणि लेखापाल कमी नाहीत. आठवड्यातून एक संध्याकाळ एखाद्या वाचनालयात बसून त्यांनी आलेल्या माणसाचे कागद पाहिले, तर वकिलाच्या पायरीपूर्वीच निम्मे काम होईल. आलेल्या माणसाला त्यांनी आधी विचारायचे ते आदेश हाती पडल्याच्या तारखेविषयी. तो टपालाने आला असेल तर पाकीटही जपून ठेवायला सांगावे. त्यावरचा शिक्का पुढे उपयोगी पडतो.